लोडेमा वेल्डीची सही

आमच्या वाकारूसा गावात घरटी एक माणूस मोटरहोम बांधायला जातो, पण त्यातल्या एकानेही मोटरहोममध्ये कधी एक रात्र काढलेली नाही. बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर. आम्ही ती बांधायची, चकचकीत पुसायची आणि फ्लोरिडातल्या नाहीतर ॲरिझोनातल्या कुणा पेन्शनरच्या ताब्यात द्यायची. आम्हाला सुट्टी मिळाली की आम्ही जातो कुठे, तर भावाच्या शेतावर मका काढायला. याचा मला कधी खेद वाटला नाही. पण यातून आमची सगळ्यांची मिळून एक चूक होत राहिली, पंधरा वर्षं होत राहिली, आणि ती लोडेमा वेल्डीने पकडली. म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे.

लोडेमा ही माझ्या बायकोची, अर्डिसची, थोरली बहीण. उंच, हाडापेराने दणकट, डोक्यावर आमच्या मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या बायका घालतात ती पांढरी जाळीची टोपी, टोपीच्या कडेत खोचलेली पेन्सिल आणि पायात पुरुषी बूट. लग्न केलं नाही. का केलं नाहीस, असं मी एकदा जेवताना विचारलं होतं. ती म्हणाली, "ऑरिन, तुला रोज बघते ना मी." आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

तिचं सगळं शहाणपण तिच्या बापाच्या दोन चाकी गवताच्या गाडीतून आलं. नऊ वर्षांची असताना तिने एकदा एकटीने गाडी भरली आणि हौसेने मागच्या बाजूला गवत उंचच उंच रचलं. ओढ्याच्या चढावर गाडी उलाळ झाली. दांड्या वर उचलल्या गेल्या, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळला, घोडा बिथरला आणि निम्मं गवत ओढ्यात. बाप रागावला नाही. फक्त म्हणाला, "यापुढे दहा-वीस पेंढ्या टाकल्या की खाली उतरायचं आणि दांडी एका हाताने उचलून बघायची. हाताला थोडी जड लागली तर ठीक. हलकी लागली तर समज, आता घोडा गाडीला नेत नाही, गाडी घोड्याला नेणार." पुढे शेत भावाकडे गेलं, घोडे गेले, ट्रॅक्टर आला. पोरीच्या हाताला मात्र त्या दांडीची सवय राहिली ती राहिलीच.

आमच्या कारखान्याचं नाव यलो क्रीक कोच. लोडेमा तिथे आली ती पडदे शिवायला. तेव्हा बायकांना दुसरं काम देत नसत. एकाहत्तर साली तिने फोरमनला जाऊन सांगितलं की माझे पडदे डावीकडे जातात. फोरमन म्हणाला, दांडी वाकडी लागली असेल. ती म्हणाली, दांडी सरळ आहे, गाडी वाकडी आहे. लोक हसले. मी तिथे कपाटं करणारा सुतार, मीही हसलो, खोटं कशाला बोलू. तिने एप्रनच्या खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं आणि नव्याकोऱ्या गाडीच्या जमिनीवर ठेवलं. रीळ आपोआप गडगडत गेलं ते थेट डाव्या भिंतीला जाऊन टेकलं. फ्रीज, शेगडी, सिंक, सगळं आम्ही डाव्या बाजूला बसवत होतो, कारण नळ तिकडून आणायला सोपे पडत. आमचा मालक मर्ल अँगलमायर तिथेच उभा होता. मर्ल आणि लोडेमा लहानपणी चर्चच्या शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे दोघांत मालक-नोकर असं काही नव्हतं. तो रिळाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे तुला शिलाई मशीनवर कळलं?" ती म्हणाली, "तुला या गाडीच्या दिवाणखान्यात उभं राहून कळलं नाही, म्हणून."

त्या आठवड्यात मर्लने चार वजनकाटे आणले, प्रत्येक चाकाखाली एक असे, आणि लोडेमाला पडद्यांतून काढून काट्यांवर बसवलं. तेव्हापासून आमची प्रत्येक गाडी बाहेर पडताना सिंकवरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड लावलेलं असे. चार चाकं, चार आकडे आणि खाली लोडेमाची सही. अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं गोल. विक्रेते गाडीत शिरले की आधी ते कपाट उघडत. माझी कपाटं बघायला उघडत नसत हे मला उशिरा कळलं.

आता ती चूक. आमचा भोंगा पहाटे पाचला होतो. दिवसाला अमुक इतक्या गाड्या असं ठरलेलं असतं, आणि त्या झाल्या की घरी जायचं. बाराला झाल्या तर बाराला, दोनला झाल्या तर दोनला. त्यामुळे आमच्याकडे कुणी चालत नाही, सगळे पळतात. गाडी तोलायची म्हणजे कोरडीच तोलायची, कारण पाण्याची टाकी भरायची तर परत रिकामी करावी लागणार, कोण थांबणार? आणि या घरात माणसं राहायला लागली की ती काय काय भरतात, कुठे भरतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. लोडेमाने हे दोन-तीनदा मर्लला बोलून दाखवलं होतं. पण तोवर आमच्या गाड्यांचं इंजिन पुढे होतं, आणि पुढचं इंजिन पुष्कळ पापं पोटात घालतं. तो लोखंडाचा गठ्ठा पुढच्या चाकांवर बसलेला असला की मागे गिऱ्हाइकाने काहीही कोंबलं तरी दांडी खालीच राहते.

पण पुढच्या इंजिनाचे भोगही होते. इंजिन दोन खुर्च्यांच्या मधोमध एका पेटीत घुरघुरत असे. शंभर मैल गेलं की चालवणाऱ्याचा उजवा पाय भाजून निघायचा, आणि शेजारी बसलेली बायको काय बोलते ते त्याला ऐकू यायचं नाही. काही गिऱ्हाइकांना ही सोयच वाटे, पण त्यांच्या बायकांना वाटत नसे, आणि गाडी बायका पसंत करतात. म्हणून शहाऐंशी साली मर्लने ठरवलं की इंजिन मागे न्यायचं. डिझेलचं, पलंगाच्या खाली. पुढे शांतता, पायाला गारवा, मोठी काच, मधे सामानाला लांबरुंद जागा. त्यासाठी त्याने डेट्रॉईटहून लॉईड फेंटन नावाचा इंजिनिअर आणला. फेंटन सरळ माणूस होता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याने इंजिनाशेजारीच पाण्याची टाकी बसवली, कारण इंजिनाच्या उबेने हिवाळ्यात पाणी गोठणार नाही. वीज बनवणारा जनरेटरही तिथेच ठेवला, म्हणजे सगळा गोंगाट एका कोपऱ्यात. ऐकायला छान होतं. मी तर पलंगाच्या बाजूला चेरीच्या लाकडाचं असं कपाट केलं की मी स्वतःच त्याच्यासमोर उगाच उभा राहत असे.

नोव्हेंबरात गाडी तयार झाली. डिसेंबरच्या सुरुवातीला लुईव्हिलला मोठं प्रदर्शन, सगळे विक्रेते तिथे येणार, आणि अशा तीस गाड्यांच्या चाश्या, म्हणजे खालचे लोखंडी सांगाडे, मर्लने सांगूनही ठेवलेल्या. आमच्या छोट्या काट्यांना मागच्या चाकांचं वजन पेलेना, म्हणून गाडी गावातल्या धान्याच्या कोठारावर नेली, ट्रकच्या काट्यावर. पुढे सहा हजार चारशे पौंड, मागे बारा हजार सहाशे. मागच्या ॲक्सलची, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याची, मर्यादा पंधरा हजार. शुक्रवारी दुपारी मर्ल कार्ड घेऊन आला.

"आकडे लिही, सही कर आणि मोकळी हो. सोमवारी गाडी रंगाला जायची आहे."

"ही कोरडी तोललीय," लोडेमा म्हणाली.

"सगळ्या कोरड्याच तोलतो आपण. आजच काय झालं?"

"आज इंजिन मागे आहे. त्याच्या शेजारी पाणी आहे. पाण्याच्या शेजारी जनरेटर आहे. मर्ल, तू गवत सगळं मागेच रचलंयस."

फेंटन म्हणाला, "लोडेमाबाई, मी हिशेब केलाय. मागे चोवीसशे पौंडांची सवड आहे."

"मागची सवड मी बघत नाही हो. पुढचं वजन बघते. चालवणाऱ्याच्या हातात पुढचीच चाकं असतात. शनिवारी मला गाडी द्या. माणसं राहतात तशी भरून देते, मग तोलू."

मर्लचा चेहरा लाल झाला. दुपारचे दोन वाजत आले होते, लोक डबे घेऊन दारात खोळंबलेले. "सतरा दिवस राहिलेत," तो म्हणाला. "तू सही करणार नसशील तर दुसरं कुणी करेल. पडद्यांच्या खोलीत तुझं मशीन अजून तसंच आहे."

मी तिच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, "कर ना सही. एका गाडीने काय होतंय?" हे मी म्हणालो. आज लिहितानाही कान गरम होतात.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टोपीतली पेन्सिल काढली, कार्डांच्या डब्यात ठेवली आणि तो पत्र्याचा डबा मर्लच्या हातात दिला. "हे घे. दुसऱ्या कुणाला करायची तर करू दे, पण माझं नाव त्या कपाटात जाणार नाही. आणि शनिवारी गाडी मला दे. मी चालवणार नाही, तूच चालव. एवढं तरी तू मला देणं लागतोस, मर्ल. चर्चच्या शाळेत तू अडलास की तुझे श्लोक मीच सांगत होते हळूच."

मर्लने डबा घेतला, आपल्या टेबलाच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं. पण शनिवारी गाडी दिली.

त्या शनिवारी सकाळी लोडेमाने आधी पाण्याची टाकी काठोकाठ भरली. मग आमच्या आणि तिच्या तळघरातून बरण्या आणल्या: पीच, घेवडा, बीट, सफरचंदाचा घट्ट काळा मुरंबा, शंभरावर बरण्या. बटाट्यांची पोती, शिलाई मशीन, दोन सायकली, अर्डिसची लोखंडी तवा-पातेली. "लोक हे सगळं घेऊन प्रवासाला जातात?" मी विचारलं. "तू घर सोडून तीन महिने जाणार असशील तर काय नेशील?" तिने विचारलं. मी म्हणालो, मी जाणारच नाही. "तेच तर," ती म्हणाली. "तुम्ही कुणीच कधी गेला नाहीत."

मग माणसं. आमच्या चर्चमध्ये बायकांचं गोधड्या शिवायचं मंडळ आहे. त्यातल्या सहा जणी तिने बोलावल्या होत्या. आता आली पंचाईत. हिशेबाला त्यांचं वजन हवं, आणि आमच्याकडची बाई एक वेळ वय सांगेल. फर्न म्हणून एकीने तर हात कमरेवर ठेवले. "लोडेमा, मी पंचवीस वर्षांत नवऱ्याला सांगितलं नाही, ते या कोठारवाल्याला सांगू?"

"कुणीच काही सांगू नका," लोडेमा म्हणाली. "सगळ्या एकदम काट्यावर उभ्या राहा. कोणाचं किती ते देवाला ठाऊक."

सहा जणी कोट घालून ट्रकच्या काट्यावर दाटीने उभ्या राहिल्या, एकमेकींच्या खांद्याला धरून. कोठारवाला आतून ओरडला, "एक हजार बारा!" फर्न म्हणाली, "बारा माझ्या कोटाचे." आणि सगळ्या हसत गाडीत चढल्या, तीन सोफ्यावर आणि तीन मागच्या पलंगावर.

भरलेली गाडी काट्यावर आली. आधी पुढची चाकं, मग सगळी गाडी. मर्ल गाडीतच बसून होता. चिठ्ठी फेंटनने घेतली. ती वाचून त्याने ती उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि स्वतःच मोठ्याने वाचली. हे त्याचं मला आवडलं. "पुढे सहा हजार पन्नास. मागे पंधरा हजार सातशे."

"म्हणजे?" मर्लने खिडकीतून विचारलं.

"म्हणजे गाडीत आपण पावणेतीन हजार पौंड घातले आणि पुढचं वजन साडेतीनशेने कमी झालं. मागचं मर्यादेच्या सातशे वर." मग तो लोडेमाकडे वळला. "मी टाकी एक तृतीयांश भरलेली धरली होती."

"का?"

"आम्ही तशीच धरतो."

"कुठली बाई एक तृतीयांश पाणी घेऊन घरातून निघते?"

मर्लला आकडे पटत नाहीत, त्याला हाताला पटावं लागतं, हे ती चाळीस वर्षं ओळखून होती. म्हणाली, "आता रेल्वे फाटकापर्यंत जाऊन ये. सावकाश जाऊ नकोस. माणसं जातात तसा जा."

मी मर्लच्या शेजारी बसलो. रस्ता सरळ, दोन्हीकडे कापलेला मका, पश्चिमेचा वारा. आणि खरं सांगतो, गाडी स्वर्ग होती. पुढे आवाज नाही, गरम पेटी नाही, पायाखाली मांजर निजावं तशी शांतता. मागे बायकांनी गायला सुरुवात केली. आमच्याकडे वाद्यं नाहीत, चार सुरांत गळ्यानेच गातो. ते चारही सूर वेगवेगळे पुढपर्यंत ऐकू येत होते. मर्लचे डोळे भरून आले. "ऐकलंस, ऑरिन?" तो म्हणाला. "बाईचा आवाज नवऱ्यापर्यंत येतो या गाडीत."

मग फाटक आलं. आमच्या फाटकावर रस्ता उंचवटा घेतो, फार नाही, हातभर. चाळीसच्या वेगाने गाडीचं नाक वर गेलं आणि वरच राहिलं. वाऱ्याने गाडी उजवीकडे ढकलली. मर्लने स्टिअरिंगचं चाक डावीकडे फिरवलं. काही झालं नाही. मी त्याचे हात बघत होतो. त्याने आणखी फिरवलं, आणि ते चाक त्याच्या हातात भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यासारखं नुसतंच फिरलं. एक श्वासभर ती गाडी मर्लची नव्हती. मग नाक दाणकन खाली आलं, टायर रस्त्याला चिकटले, गाडी कच्च्या कडेवरून परत डांबरावर आली. मागे बरणी फुटल्याचा आवाज झाला आणि गाणं थांबलं.

फर्नचा आवाज आला, अगदी स्पष्ट, "मर्ल, पुढे कुणी बसलंय का?"

मर्लने गाडी कडेला लावली आणि बराच वेळ दोन्ही हात चाकावर ठेवून बसला. परत येताना वीसच्या वेगाने आला. कोठारापाशी लोडेमा उभी होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो किल्ली फेंटनच्या हातात देऊन निघून गेला.

सोमवारी पहाटे पाचला मर्ल बाकावर चढून उभा राहिला. चासी कापायची, म्हणाला. फेंटन रविवारभर जागचा हलला नव्हता. नकाशे त्याने तयार ठेवले होते. मागचा ॲक्सल वीस इंच मागे. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे. जनरेटर उचलून गाडीच्या नाकात, पुढच्या चाकांच्याही पुढे. प्रत्येक गोष्टीची काहीतरी किंमत होतीच. ॲक्सल मागे गेल्याने गाडीला वळायला रस्ता जास्त लागणार. टाकी उबेपासून लांब गेली म्हणून तिच्यापर्यंत गरम हवेची नळी न्यायची. सामानाची जागा घटली. आणि चाकाची कमान नेमकी माझ्या चेरीच्या कपाटात घुसली. ते कपाट मी माझ्या हाताने उचकटलं. कुरकुर केली नाही असं नाही. फेंटन जवळ येऊन म्हणाला, "माफ करा, ऑरिन." मी म्हणालो, "कपाट परत करता येतं, साहेब." अर्डिसने घरी मला या वाक्याबद्दल सफरचंदाच्या गोड पायचा जादा तुकडा दिला.

पण हे सगळं प्रदर्शनाआधी होणं शक्य नव्हतं. आणि लोडेमाचं काय, हे मर्ल बोलेना. कार्डांचा डबा त्याच्या खणात कुलपातच होता. जुन्या नमुन्याच्या गाड्या त्या तीन आठवड्यांत कार्डाशिवायच रांगेत उभ्या राहिल्या. लोडेमा पडद्यांच्या खोलीत मशीनवर बसून दुमडी घालत होती. मी डबा खायला तिच्याकडे जायचो. ती म्हणायची, "मशीनला तेल द्यायला हवं होतं कुणीतरी." एवढंच. एकदा मात्र तिने हातातलं कापड खाली ठेवलं आणि म्हणाली, "सही गेली तर गेली रे. पण त्याला वाटत असेल का, की मी त्याला खाली बघायला लावलं? तसं नव्हतं माझ्या मनात." बोलता बोलता तिचा हात टोपीच्या कडेकडे गेला, पेन्सिलीच्या रिकाम्या जागी. पंचावन्न वर्षांच्या त्या बाईला मी तसं पहिल्यांदा पाहिलं, आणि मला मर्लचा असा राग आला की मी सरळ त्याच्या ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. दारापर्यंतच गेलो. आत शिरायची हिंमत झाली नाही.

लुईव्हिलला आम्ही पुढच्या इंजिनाची जुनीच गाडी घेऊन गेलो. मर्ल, मी आणि दोघं विक्रीवाले. माझं काम दारं पुसणं. आमच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या कारखान्यांच्या मागच्या इंजिनाच्या नव्या गाड्या, भोवती ही गर्दी, आणि मधे आमची ती म्हातारी. दुसऱ्या दिवशी टेक्ससचा एक मोठा विक्रेता आला, घुल्डन त्याचं नाव, आवाज असा की शेजारच्या गाडीतले लोकही वळून बघायला लागले.

"मर्ल! इंजिन मागे टाकतोयस असं ऐकलं होतं. कुठे आहे? जमलं नाही का?"

मी फडकं घेऊन उभाच राहिलो. सांगायला कारणं ढीगभर होती. रंग वाळला नाही, सामान वेळेवर आलं नाही, काहीही. वीसेक माणसं ऐकत होती.

"गाडी तयार होती," मर्ल म्हणाला. "आमच्याकडे एक बाई आहे, लोडेमा वेल्डी. तिने सही केली नाही."

घुल्डन हसला. "एका बाईने सही केली नाही म्हणून तू लुईव्हिलला गाडी आणली नाहीस?"

"मी सांगितलं होतं तिला, सही कर म्हणून. मालक म्हणून सांगितलं, धमकीही दिली. तिने केली नाही. मग मी स्वतः ती गाडी चालवली." मर्ल थांबला. त्याने टोपी काढली, कशाला काढली कोण जाणे. "माझ्या मागे सहा बायका बसल्या होत्या, घुल्डन. तिने सही केली असती, तर त्या जागी उद्या तुझी गिऱ्हाइकं बसली असती. तिची सही झाल्याशिवाय ती गाडी तुलाही मिळणार नाही."

घुल्डन आता हसत नव्हता. तो आमच्या म्हाताऱ्या गाडीत चढला, सिंकवरचं कपाट उघडलं आणि आतल्या कार्डाकडे बराच वेळ बघत राहिला. ती गाडी नोव्हेंबराआधीची होती. कार्डावर चार आकडे होते आणि गोल अक्षरात सही. खाली उतरून त्याने मर्लला आपला नंबर दिला. "त्या बाईंनी सही केली की मला फोन कर," म्हणाला. "पहिल्या सहा माझ्या."

परतल्यावर मर्लने माझ्या दारात गाडी थांबवली आणि सीटखालून पत्र्याचा डबा काढला. म्हणजे हा पठ्ठ्या डबा लुईव्हिलला घेऊन गेला होता. "हा तिला दे."

"तूच दे ना. ती आतच आहे, जेवायला आलीय."

"नको," मर्ल म्हणाला. "मला बोलता येणार नाही."

लोडेमा आमच्या स्वयंपाकघरात अर्डिसबरोबर भांडी विसळत होती. मी डबा टेबलावर ठेवला. तिने तो ओळखला, पण हात लावला नाही. मग मी घुल्डनचा प्रश्न सांगितला आणि मर्लचं उत्तर सांगितलं, शब्दाला शब्द, टोपी काढली तेही. अर्डिस एप्रनने डोळे पुसायला लागली. लोडेमा पाठमोरी उभी होती. नळ तसाच चालू.

"चारचौघांत म्हणाला?" तिने विचारलं.

"वीस माणसं होती."

"माझं नाव घेऊन?"

"नाव घेऊन. आडनावासकट."

तिने नळ बंद केला. हात पुसले, अगदी बोट बोट पुसलं. मग डबा उघडला, वरची पेन्सिल काढून टोक बघितलं आणि ती टोपीच्या कडेत खोचली.

"फेंटनना सांग, सोमवारी टाकी काठोकाठ भरायची," ती म्हणाली. "आणि फर्नला निरोप दे. कोट घालूनच ये म्हणावं."